एंटर म्हणजे नाही

मला कायद्यातलं काही कळत नाही, वैद्यकातलं त्याहून कमी कळतं. तरीही नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बंगळुरात मी या दोन्हींत एकदमच तोंड घातलं, आणि तेही कुणी बोलावलेलं नसताना.

मी सरकारी कारखान्यात इंजिनियर होतो. कारखान्याने मला दोन आठवड्यांच्या एका कोर्सला पाठवलं. तिथे कळलं की तज्ज्ञ माणसाचं डोकं ‘जर’ आणि ‘तर’ अशा वाक्यांत उतरवून कॉम्प्युटरला शिकवता येतं, आणि याला आर्टिफिशियल इंटेलिजन्स म्हणतात. परत आलो तो एक कॉम्प्युटर आणि दोनशे कल्पना घेऊनच. उणीव होती ती फक्त एका तज्ज्ञाची. म्हणून इंदिरानगरातल्या आमच्या घरच्या डॉक्टरांना धरलं.

डॉक्टर मराठीच, पण त्यांचं घराणं चार पिढ्या इथे मुरलेलं. त्यांचं वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि कानडी ‘सरी’वर, म्हणजे ‘बरं’वर, थांबायचं. पाच महिने दर रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे वही घेऊन बसत असे.

“ताप तीन दिवस असेल तर?”

“बघायचं.”

“काय बघायचं?”

“माणूस बघायचा, दुसरं काय!”

मी वहीत लिहिलं : ‘माणूस बघणे – पुढच्या आवृत्तीत.’

शेवटी प्रोग्रॅम तयार झाला. दवाखान्यात बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर ठेवला. कंपाउंडर पेशंटला प्रश्न विचारणार, होय किंवा नाही टिपणार, मग प्रिंटर करकर करत कागद काढणार : काय झालं असावं आणि कोणतं औषध द्यावं. कागदावर डॉक्टर सही करणार. कागदाच्या तळाशी मी माझं नाव छापायची सोय केली होती. नावापुढे पदवी, आणि पदवीखाली कारखान्याच्या नावासकट हुद्दा.

“हुद्दा कशाला?” बायकोने विचारलं.

“वजन येतं.”

“खाजगी काम करायला कारखान्याची लेखी परवानगी लागते ना? घेतलीत?”

“हे काम नाही. हा छंद आहे.”

पहिल्याच आठवड्यात कंपाउंडरने तक्रार केली. गृहस्थ पन्नाशीचे, कामाला चोख. “सार, लोक होय म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. ‘गोत्तिल्ला’ म्हणतात. माहीत नाही म्हटल्यावर मी काय दाबू?”

मी तेव्हा डॉक्टरांच्या घरची चकली खात होतो. तोंड भरलेलं असताना माणसाने सिद्धान्त मांडू नयेत. मी म्हणालो, “नुसतं एंटर दाबा.” आणि लगेच कॉम्प्युटरवर बसून प्रोग्रॅममध्ये एंटरचा अर्थ ‘नाही’ असा करून टाकला. माझा हिशोब सरळ होता : अंगावर काही मोठं उठलं असतं तर माणसाच्या लक्षात राहिलंच असतं. आमच्या कारखान्यातल्या बॉयलरला काही झालं तर त्याची नोंद असते की!

यानंतर दोन महिन्यांनी दवाखान्यात अण्णा आले. अण्णा म्हणजे बंगळुरातल्याच शिवाजीनगरातले पितळी भांड्यांचे व्यापारी, डॉक्टरांचे वीस वर्षांचे पेशंट. लघवीला जळजळ होत होती. हे दुखणं त्यांनी आयुष्यात बायकोलाही सांगितलं नसतं, आणि इथे कंपाउंडर भरल्या खोलीत मोठ्याने विचारतोय, समोर दोन बायका बसलेल्या. अण्णांनी लवकर सुटका व्हावी म्हणून चौथ्या प्रश्नापासून पुढे सगळ्याला ‘गोत्तिल्ला’ म्हणायला सुरुवात केली. त्यात एक प्रश्न होता : सल्फाच्या गोळीने कधी त्रास झाला होता का?

एंटर.

कागद आला : सल्फाच्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ. डॉक्टरांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी अण्णांचे ओठ वांग्याएवढे झाले आणि अंगभर गांधी उठल्या. दोन दिवस त्यांना इस्पितळात ठेवावं लागलं. ते बरे झाले, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी हा किस्सा हसत सांगू शकलो नसतो.

आठ दिवसांनी डॉक्टरांच्या नावे वकिलाची नोटीस आली. वकील अण्णांचा सख्खा भाचा. त्या सुमारास डॉक्टरांनाही ग्राहक कायदा लागू होतो असं ठरलं होतं, त्यामुळे अशा नोटिशीचं तेज काही वेगळंच होतं. त्यात एक वाक्य खास माझ्यासाठी होतं : ‘कागदाच्या तळाशी ज्या इसमाचं नाव आहे, त्याचा वैद्यकीय नोंदणी क्रमांक कळवावा. नसल्यास त्याच्या कार्यालयाकडे विचारणा करण्यात येईल.’

कार्यालयाचं नाव शोधायची त्यांना गरज नव्हती. ते मीच छापलं होतं. हे पत्र कारखान्यात पोचलं की माझी चौकशी लागणार आणि बहुधा नोकरी जाणार, एवढं मला सेवानियम न वाचताही कळत होतं.

“कळवा की क्रमांक,” बायको म्हणाली. “कँटीनच्या कार्डावर असेल एखादा.”

मी मग आयुष्यातलं सगळ्यात हुशार काम केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखाना बंद असताना कंपाउंडरकडून किल्ली घेतली, फ्लॉपी घालून प्रोग्रॅममधून स्वतःचं नाव काढून टाकलं, आणि त्या जागी ठळक अक्षरांत घातलं : ‘ही केवळ सूचना आहे. निदान नव्हे.’ घरी येताना शीळ घालत होतो.

शनिवारी डॉक्टरांनी अण्णांना आणि भाच्याला दवाखान्यात बोलावलं. मलाही. अण्णांचे ओठ उतरले होते, पण नजर उतरलेली नव्हती.

भाचा म्हणाला, “मशीन चालवून दाखवा. मामांनी दिली तीच उत्तरं द्या.”

कंपाउंडरने दिली. प्रिंटर करकरला. भाच्याने नवा कागद घेतला, फाइलीतला जुना काढला आणि दोन्ही टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले.

“गोळ्या त्याच. पण पंधरा दिवसांत मशीनला नम्रता आली. आणि ह्यांचं नाव उडालं. कोणी उडवलं?”

कंपाउंडरने पंख्याकडे बघितलं. मी कंपाउंडरकडे बघितलं.

“पुराव्यात फेरफार म्हणतात याला,” भाचा म्हणाला. “आणि मशीन तर मुळातच मठ्ठ. माणूस सांगतोय माहीत नाही, आणि हे आपलं काहीही छापतंय.”

एवढ्यावर गप्प बसलो असतो तर बरं होतं. पण माझ्या पाच महिन्यांच्या लेकराला कोणी मठ्ठ म्हणालं, ते काही मला सोसवेना.

“एक मिनिट. मशीन मठ्ठ नाही. ते अचूक चाललं. एंटर दाबलं की उत्तर ‘नाही’ धरायचं, असं मीच त्याला सांगितलंय. नाव काढलं तेही मीच. मशीनने सांगितल्याबाहेर एक अक्षर केलेलं नाही!”

भाच्याने पेनचं टोपण काढलं. “पुन्हा सांगा. स्वल्प सावकाश.”

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. अण्णा मात्र पुढे सरकले. “म्हणजे मी गोत्तिल्ला म्हणालो, आणि तुम्ही माझ्या वतीनं नाही म्हणालात?”

“तसं... तांत्रिकदृष्ट्या...”

“तुम्ही कोण माझे, स्वामी? सोयरे? माझ्या वतीनं तर माझा मुलगा पण बोलत नाही.”

मी डोक्यात याला लागू पडणारं ‘जर-तर’ शोधू लागलो.

भाच्याचं पेन चालूच होतं. तेव्हा डॉक्टर उठले, मागच्या कपाटातून एक पिवळं पडलेलं कार्ड काढलं आणि अण्णांपुढे ठेवलं. त्यावर डॉक्टरांच्याच अक्षरात, लाल शाईने लिहिलेलं होतं : सल्फा नको.

“अण्णा, हे मला माहीत होतं,” डॉक्टर म्हणाले. “बारा वर्षांपूर्वी पण तुम्हाला असंच उठलं होतं. तो कागद इतका छान छापून आला की मी कपाट उघडलंच नाही. तुमच्या तोंडाकडे पण बघितलं नाही. सही माझी आहे. ह्यांना सोडा, ते बॉयलर बघतात.”

भाचा म्हणाला, “डॉक्टर, हे असं कबूल करू नका. माझ्यासमोर तर नकोच.”

“सरी. मग लिहून देतो.”

अण्णांनी कार्ड उलटसुलट करून बघितलं. मग भाच्याला म्हणाले, “लिहून घे. डॉक्टरचं घे. ह्यांच्या ऑफिसला पत्रबित्र काही नको.” आणि मला म्हणाले, “ते आतल्या गोष्टी भर खोलीत विचारायचं पहिलं बंद करा. मला सगळं गोत्त होतं. त्या दोन बायका आमच्या गल्लीतल्या!”

डॉक्टरांनी नोटिशीला उत्तर दिलं. चूक आपली, इस्पितळाच्या खर्चाची भरपाई आपण करू, यापुढे औषध स्वतः तपासूनच लिहू, असं त्यात होतं. अण्णांचं समाधान झालं, प्रकरण तिथेच मिटलं. मी कारखान्यात सुखाने हजेरी लावत राहिलो.

उत्तराची प्रत डॉक्टरांनी मला वाचायला दिली. मी ती घरी नेली आणि माझं नाव आहे का म्हणून दोनदा नीट बघितलं. नव्हतं. सुटलो. मग तिसऱ्यांदा वाचताना एक वाक्य डोळ्यांत घुसलं : ‘सदर यंत्र हे दवाखान्यातील टाइपरायटरसारखंच एक साधन असून त्यास स्वतःची बुद्धी नाही.’

“टाइपरायटर?” मी ओरडलो. “पाच महिने! तीनशे नियम! ह्याला टाइपरायटर म्हणतात? निदान ‘प्रगत’ तरी लिहायचं!”

बायको भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, “जा ना भाच्याकडे. दुरुस्ती सुचवा. खाली हुद्दा घालायला विसरू नका.”

मी खरोखर मिनिटभर विचार केला.