शेवटच्या सेकंदाची संत्री

किसनशेठनी आपला टॅब माझ्यासमोर टेबलावर ठेवला. "मॅडम, हे पाहा. याच्यात मीच वर आहो. अन् माल गेला अन्सारभाईच्या गाडीत. आता तुम्हीच सांगा, मी खोटा का टॅब खोटा?"

टॅबवर हिरवी पट्टी होती. हिरवी पट्टी म्हणजे या घडीला सर्वांत मोठी बोली तुमची. शेठनी नेमक्या त्या क्षणाचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. त्यांच्या मागे आणखी काही व्यापारी उभे होते आणि बहुतेकांकडे तसाच एखादा स्क्रीनशॉट होता. मी खामगावहून एसटीने नुकतीच पोचले होते. हातातली बॅगसुद्धा खाली ठेवली नव्हती.

मी नेटवर्क इंजिनिअर. खामगावातल्या एका छोट्या फर्ममध्ये नोकरी करते. माहेर पिंपळगाव राजाचं, घरची शेती वांगी आणि मेथीची. त्यामुळे तोडलेला माल अडकला की घरातली माणसं कशी वागतात ते मला लहानपणापासून माहीत आहे.

इथे माल होता संत्र्याचा. जळगाव जामोदच्या अलीकडे शेतकऱ्यांच्या एका कंपनीने लिलावाचा हॉल बांधलाय. आरडाओरडा नाही, रुमालाखाली बोटं दाबणं नाही. व्यापारी बाकांवर टॅब घेऊन बसतात. लॉटचे, म्हणजे मालाच्या एकेका वाट्याचे, फोटो येतात, बोली लागते, घड्याळ उलटं चालतं. शेवटच्या काही सेकंदांत सगळे एकदम बटण दाबतात. वेळ संपली की ज्याची बोली वर, त्याचा माल.

हे सगळं उभं केलं मॅनेजर प्रवीणने. वरवट बकालचा मुलगा, शेतकी शिकलेला, बोलायला मवाळ. व्यापाऱ्यांचा आता त्याच्यावरच संशय होता. अन्सारभाई नावाचे जुने व्यापारी शेवटच्या सेकंदाला हमखास लॉट मारून नेत. ते हॉलमध्ये बसत नसत, ऑफिसच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसत. प्रवीण त्यांना चहा पाठवायचा. एवढ्यावरून दोघांचं साटंलोटं आहे, हे सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. प्रवीणने सर्व्हरची नोंद काढून दाखवली, तीत अन्सारभाईंचीच बोली खरोखर मोठी होती. सर्व्हरही तुझाच आहे, असं त्याला सुनावण्यात आलं.

पुढचा लिलाव दुसऱ्या दिवशी होता. उलगडा झाला नाही तर आम्ही येणार नाही, असं व्यापाऱ्यांनी सांगितलं होतं. उलगडा झाला नाही तर राजीनामा दे, असं संचालकांनी प्रवीणला सांगितलं होतं. आणि बागांमध्ये तोडणी सुरू झाली होती.

प्रवीण मला स्विच दाखवायला आतल्या खोलीत घेऊन गेला. दार लोटून म्हणाला, "ताई, नोकरीचं काही नाई. दुसरी भेटन. पण अर्धं वरवट मह्या भरवशावर इथं माल आनते. उद्या त्याईच्या समोरून जाऊ कसा मी?"

"बघते," मी त्याला म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

स्विच म्हणजे सगळ्या केबली जिथे येऊन मिळतात ती पेटी. मी लॅपटॉप जोडला आणि आधी ग्राफ काढला. हॉलकडे जाणारी लाइन दहा टक्केसुद्धा भरत नव्हती. आमच्या फर्मच्या साहेबांना फोन लावला.

"मंग नेटवर्कचा काही संबंध नाई," साहेब म्हणाले. "सॉफ्टवेअरवाल्यावर ढकल अन् ये वापस."

"सॉफ्टवेअरवाल्याने आधीच आपल्यावर ढकललंय, सर."

"मंग थांब तिथंच. अन् एक लक्षात ठेव, नवा स्विच घ्या म्हनून सांगू नको. हा आपनच देलेला हाय."

आता तो ग्राफ. तो पाच मिनिटांची सरासरी दाखवतो. पाच मिनिटांत एखादा निमिष लाइन तुडुंब भरली आणि उरलेला वेळ रिकामी असली, तर सरासरी रिकामीच येते. आणि इथलं भांडण तर निमिषाचंच होतं.

स्विचमध्ये बफर नावाची थोडी मेमरी असते. एसटी स्टँड डोळ्यांसमोर आणा. चारी बाजूंनी गाड्या आल्या आणि बाहेर पडायचं गेट एकच असलं, तर गाड्या आवारात थांबतात. ते आवार म्हणजे बफर. स्टँडचं आवार भरलं तर पुढची गाडी निदान रस्त्यावर उभी राहते. स्विच तेवढा दयाळू नाही. त्याचा बफर भरला की पुढे येणारा डेटाचा तुकडा तो सरळ टाकून देतो. तो तुकडा नंतर पुन्हा पाठवला जातो, काही हरवत नाही. पण मध्ये थोडा वेळ जातो.

त्या स्विचमध्ये बफरवर पहारा ठेवायची सोय होती. प्रत्येक पोर्टचा, म्हणजे केबल खोचायच्या तोंडाचा, बफर जास्तीत जास्त कितपत भरला ते तो टिपतो, आणि आपण आखलेल्या रेषेवर गेला की अलार्म पाठवतो. ही सोय कोणी चालूच केली नव्हती. बहुतेक ठिकाणी कोणी करत नाही. मी केली. आता तपासायला लिलाव हवा होता.

बाहेर येऊन मी व्यापाऱ्यांना म्हटलं, आपण एक खोटा लिलाव करू. जुने फोटो, जुने लॉट. माल नाही, पैसे नाहीत, नुसती बोली. किसनशेठ म्हणाले, आम्ही काही शाळेतली पोरं नाही. पण सगळे आलेच होते आणि चहाही सांगितला होता, त्यामुळे ते बसले. अन्सारभाईही आले. पांढरी दाढी, हातात काठी. नेहमीप्रमाणे व्हरांड्यातल्या खुर्चीत टेकले.

माझा पहिला प्रयत्न फसला. काही निसटू नये म्हणून मी अलार्मची रेषा फार खाली ठेवली होती. लिलाव सुरू झाला आणि माझा फोन वाजायला लागला तो थांबेना. प्रवीणचा नंबरही मी जोडला होता, त्याचाही वाजायला लागला. दोघांचे फोन टेबलावर थरथरत एकमेकांकडे सरकत होते. कोणी टॅब उघडला तरी अलार्म. सगळ्याच गोष्टीवर वाजणाऱ्या अलार्ममधून काहीच कळत नाही.

मी रेषा वर नेली. बफर ऐंशी टक्के भरला तरच वाज. आणि खाली दुसरी रेषा आखली, पन्नासच्या खाली उतरल्याशिवाय शांत झालो असं म्हणू नकोस. ही दुसरी रेषा नसली तर बफर ऐंशीच्या आसपास डुलत राहतो आणि अलार्म चालू-बंद, चालू-बंद करून जीव खातो.

तोवर हॉलमधली मंडळी रंगात आली होती. पैसे द्यायचे नाहीत म्हटल्यावर संत्र्याला असे भाव लागले की प्रवीणने ते शेतकऱ्यांच्या कानावर जाऊ नयेत म्हणून खिडकी लावून घेतली. आणि लॉट हातचा गेला की नसलेल्या संत्र्यांसाठीसुद्धा किसनशेठचा चेहरा पडत होता.

दुसऱ्या फेरीत फोन शांत होते. पहिला लॉट संपत आला, शेवटचे सेकंद सुरू झाले आणि एकदाच टिंग झालं. स्विचचा हॉलकडे जाणारा पोर्ट, बफर वरच्या रेषेपलीकडे, तुकडे टाकले. मग शांतता. दुसरा लॉट, पुन्हा शेवटचे सेकंद, पुन्हा एकच टिंग. तिसऱ्यालाही तेच.

"प्रवीणभाऊ, लॉट बंद होताना सर्व्हर काय पाठवतो?" मी विचारलं.

त्याने सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला. कळलं ते असं: पुढचा लॉट झटकन उघडावा म्हणून सर्व्हर त्याचे फोटो आधीच, म्हणजे चालू लॉटच्या शेवटच्या सेकंदांत, सगळ्या टॅबना एकदम पाठवतो. फोटो चांगलेच वजनदार होते. आधी लहान असत, पण फळावरचा डाग दिसत नाही म्हणून व्यापाऱ्यांनी मोठे फोटो मागितले होते. मागणी कोणाची, असं मी विचारलं. प्रवीणने नुसतं किसनशेठकडे पाहिलं.

सर्व्हर ते फोटो मोठ्या लाइनने स्विचमध्ये ओतत होता आणि हॉलकडे जाणारी लाइन त्या मानाने बारीक होती. बफर भरायचा. त्याच गर्दीत 'तुमच्या बोलीच्या वर कोणीतरी बोली लावली' हा छोटासा निरोपही फेकला जायचा. तो पुन्हा पाठवला जाईपर्यंत लॉट बंद. शेठच्या टॅबवर हिरवी पट्टी तशीच. म्हणजे शेठही खरे होते आणि सर्व्हरही.

इथवर सगळं छान होतं. पण अन्सारभाईंचा टॅब कधीच का मागे पडत नव्हता?

मी व्हरांड्यातल्या वायफायची केबल हाताने चाचपत आत आले. ती हॉलच्या लाइनवर नव्हतीच. ऑफिससाठी टाकलेली ती केबल थेट स्विचच्या वेगळ्याच पोर्टमध्ये आली होती. तिच्यावर टॅब एकच, त्यामुळे गर्दीही नाही. हॉलमधल्यांना जुना भाव दिसत असताना अन्सारभाईंना ताजा दिसत होता.

हे बाहेर सांगितलं की लोक काय म्हणतील ते मला दिसत होतं. पाहा, खुर्चीतच गोम होती, म्हणजे आमचा संशय खराच. फोटोंचं एवढंच सांगून गप्प बसले असते तरी काम भागलं असतं. मी प्रवीणला आत बोलावून सगळं सांगितलं.

"ते खुर्ची मीच देल्ती त्याईले," तो म्हणाला. "गुडघे वाकत नाई, बाकावर बसता येत नाई त्याईले. तुम्ही सांगा ताई. सगळ्याईच्या समोर सांगा."

मी सांगितलं. हॉलमध्ये व्हायची ती कुजबुज झाली. कोणी तरी म्हणालं, हेच तर आम्ही म्हणत होतो. मग मी किसनशेठना अन्सारभाईंच्या खुर्चीत बसायला सांगितलं, आणि अन्सारभाईंना हॉलमध्ये. प्रवीणने त्यांच्यासाठी बाकाशेजारी दुसरी खुर्ची लावली. खोटा लिलाव पुन्हा सुरू झाला.

किसनशेठनी ओळीने सगळे लॉट मारले. अन्सारभाईंच्या टॅबवर प्रत्येक वेळी हिरवी पट्टी होती आणि प्रत्येक वेळी माल शेठचा.

अन्सारभाईंनी टॅब मांडीवर ठेवला आणि चष्मा काढून पुसला. "अन् मी समजून राह्यलो होतो का या वयात बी आपली उंगली लय तेज हाय," ते म्हणाले. "घरी बी सांगतलं होतं."

हसायला पहिली सुरुवात त्यांनीच केली. किसनशेठ मात्र हसले नाहीत. खुर्चीतून उठले, पुन्हा बसले. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं, कोणी सिग्नल दिला नव्हता, तरी ते जिंकले होते. प्रवीणने काहीही न करता अन्सारभाई कसे जिंकत होते, हे त्यांना आता स्वतःच्या बोटाने कळलं होतं.

"प्रवीणभाऊ," ते म्हणाले, "संचालकाईले मी फोन करतो. मीच भडकवले होते त्याईले, मीच सांगतो."

प्रवीणने मान हलवली आणि खिडकी उघडायला गेला.

उरलेलं काम सोपं होतं. फोटो सकाळीच, लिलावाआधी, टॅबवर उतरवून ठेवायचं ठरलं. बोलीच्या निरोपांसाठी स्विचमध्ये वेगळी रांग लावली, म्हणजे कितीही गर्दी असली तरी ते आधी सुटतील. व्हरांड्याची केबल काढून हॉलच्या लाइनवर टाकली. आधीच्या लॉटचं काय, असा प्रश्न निघाला. पण ती संत्री केव्हाच खाऊन झाली होती, तेव्हा तो विषय तिथेच संपला.

अलार्म मी चालूच ठेवला. प्रवीणने त्यातून एक युक्ती काढली. अलार्म आला की हॉलमध्ये भिंतीवर लाल दिवा लागतो, आणि शेवटच्या सेकंदांत तो लागला तर तो लॉट पुन्हा घ्यायचा. हा नियम सर्वांनी मान्य केला. सर्वांत मोठ्याने किसनशेठनी.

दुसऱ्या दिवशी लिलाव झाला, सगळे आले. त्यानंतर तो दिवा फारसा लागलाच नाही. एकदा मात्र लागला. कोणी तरी टॅबवर क्रिकेटचा सामना लावला होता आणि त्याचं पाहून आजूबाजूच्या सगळ्यांनीच लावला. चालू लॉट नेमका किसनशेठनी घेतला होता. नियमाप्रमाणे तो पुन्हा झाला आणि दुसऱ्याने नेला. शेठनी संध्याकाळी मला फोन केला. ती ऐंशीची रेषा थोडी वर नेता येते का, असं विचारत होते.

येते, मी म्हटलं. पण नेणार नाही.

साहेबांनी मला नंतर विचारलं, एवढं करून आपण विकलं काय? काहीच नाही. जे होतं तेच चालू केलं. आता कुठेही स्विच बसवला की बफरचे अलार्म मी पहिल्या दिवशीच लावते. ग्राफ दहा टक्के दाखवत असला आणि माणसं भांडत असली, तर मी आधी माणसांचं ऐकते.