वाटीचे गुण

काल टीव्हीवरची आमची आवडती गाण्याची स्पर्धा कायमची बंद झाली. घरचे परीक्षक आम्ही दोघं. गाणं संपलं की मी चमच्याने ताट बडवायचो आणि बायको वाटीवर नखाने एकच टिचकी मारायची.

"एवढेच गुण?"

"तुम्ही तर बेसुऱ्यालाही जिंकवाल!"

ती गेल्यावर तिची वाटीही मीच वाजवू लागलो, अगदी तिच्याइतक्याच कंजूषपणे. रिकाम्या खुर्चीशी भांडायलाही मजा यायची.

काल शेवटच्या गाण्याला मी ताट दणाणून सोडलं, पण वाटीकडे हात जाईना. ती वाजली की आमचा दोघांचा खेळ संपणार होता.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई खिडकीतून ओरडल्या, "अहो, वहिनींचे गुण राहिले!"

मी टिचकी मारली. कंजूष बाईची वाटी, पण किती वेळ घुमत राहिली!