मीनू गार्डची गाडी

सोमवार होता. शाळेत शिकवून घरी आले आणि मटार सोलत बसले. सोललेल्यातले निम्मे मीनू खात होती. दारात सक्सेनाजी आले. तेही माझ्या मिस्टरांसारखे रेल्वेत गार्ड, शेजारच्याच क्वार्टरमधले. म्हणाले, "भाभीजी, मेश्रामजी की गाड़ी बस्सी में खड़ी है."

बस्सी जवळचंच स्टेशन; तिथे मालगाडी उभी आहे, यात बातमी कसली? मालगाड्या उभ्याच असतात. मी म्हटलं, "मग जेवायलाच येतील." सक्सेनाजींनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि मटारांच्या ताटाकडे बघत राहिले.

सिग्नल मिळाला होता. ड्रायव्हरने दोनदा शिट्टी दिली होती. मागून गार्डची काहीच खूण आली नव्हती. शेवटी त्याचा असिस्टंट गाडीच्या कडेकडेने ब्रेकव्हॅनपर्यंत, गार्डच्या शेवटच्या डब्यापर्यंत, चालत गेला, तेव्हा कळलं. झोपेत असावेत तसे बसले होते म्हणे.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी श्रद्धांजलीला आलेल्या माणसांनी घर भरलेलं होतं. आमच्या मैत्रीण कुलकर्णी वहिनी माझ्याशेजारी बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "अहो, ते माकडाचं आठवतंय का?" आणि मला हसू आलं! समोरच्या बायका बघायला लागल्या. मग वहिनींनी दुसरं सांगितलं, त्यांच्या मिस्टरांनी तिसरं.

असे किस्से मुलांच्या खिशांसारखे असतात. रविवारी फिरून आल्यावर खिसे उलटे केले की खडे, तिकिटं, शेंगांची टरफलं आणि एखादी चघळून ठेवलेली गोळी निघते. टाकून द्यावंसं वाटतं. टाकवत नाही.

मीनू आता दहा वर्षांची आहे. तेव्हा साडेचारची होती. तिला बाबा आठवतात म्हणजे आम्ही सांगितलेले बाबा आठवतात. परवा म्हणाली, "मम्मी, तू सगळे किस्से लिहून ठेव. मतलब, सगळेच. एकही सोडू नको."

एक मी आजवर सोडत आले आहे. त्यात मोठं काम तिचंच आहे, आणि तिने ते मनाला लावून घ्यावं असं मला वाटत नाही. पण सगळेच म्हणाली आहे. तो शेवटी लिहिते.

*

आधी गाडीचं सांगायला हवं.

जयपुरात आमची दोन मराठी घरं एकमेकांना धरून होती. आम्ही नागपूरचे, रेल्वेतले. कुलकर्णी साताऱ्याचे, बँकेतले, राहायला आदर्श नगरात. बाबांना (मुलांमुळे मीही त्यांना बाबाच म्हणू लागले होते) रविवारी सुट्टी मिळाली की दोन्ही घरं मिळून फिरायला. मोठी माणसं चार, पोरं चार. आणि गर्दीत पोरं हरवण्याची कुलकर्णी भाऊजींना भयंकर धास्ती!

बाबांनी तोडगा काढला. पोरांची गाडी करायची. पुढे इंजिन, म्हणजे आमचा अनिकेत. त्याच्या शर्टाचं टोक धरून कुलकर्ण्यांची सई, तिच्या मागे तिचा भाऊ पार्थ, सगळ्यात शेवटी गार्ड मीनू. तिच्या एका खिशात लाल रुमाल, दुसऱ्यात हिरवा. इंजिनाने शिट्टी द्यायची, गार्डने मागे बघायचं, सगळं ठीक असेल तर हिरवी दाखवायची. मगच गाडी हलायची.

"आणि नाही दाखवली तर?" भाऊजींनी विचारलं.

"तर नाही हलायची," बाबा म्हणाले. "इंजिनात खुद्द मोठे साहेब बसले असले तरी नाही हलायची. शेवटचा शब्द गार्डचा."

हे सांगताना त्यांची मान जरा ताठ झाली होती. घरात त्यांचा शेवटचा शब्द कधी चालला नाही, हेही इथे नोंदवते.

*

पहिलीच फेरी प्राणिसंग्रहालयाची. बाहेर पडताना बाबांनी फाटकाशी डबे मोजले. पाच!

पुन्हा मोजले. पाचच. मीनूच्या मागे, तिच्या फ्रॉकचं टोक धरून, माकडटोपी घातलेला एक अनोळखी मुलगा उभा होता आणि शांतपणे शेंगदाणे खात होता.

मीनू रागाने लाल झाली होती. "मी याला तीनदा बोलली. गार्डच्या मागे डबा नसतो! सुनताच नाही!"

तेवढ्यात त्याची आई धावत आली. तिला बघून बाबा अदबीने म्हणाले, "बहनजी, आपका पार्सल सही-सलामत है."

बाईंनी आधी पोराला एक धपाटा घातला. मग आम्हाला काय काय सुनावलं. मग पोराचा हात धरून चार पावलं गेल्या, थांबल्या आणि मागे वळून म्हणाल्या, "भाईसाहब, अगले इतवार कितने बजे निकलेगी?"

*

म्युझियममध्ये काचेच्या पेटीत ममी आहे. तिच्यासमोर आल्यावर मीनूने लाल रुमाल काढला आणि तोंडावर बोट ठेवलं. "शू! आजी झोपली आहे."

गाडी उभी. मागची रांगही उभी. तिथले कर्मचारी काका कौतुकाने म्हणाले, "हाँ बेटा, हज़ारों साल से सो रही है."

पार्थ पेटीकडे बराच वेळ बघत राहिला. मग अख्ख्या दालनाला ऐकू जाईल असा उसासा टाकून म्हणाला, "मतलब, इनको कोई उठाता ही नहीं? स्कूल के लिए भी नहीं?"

कुलकर्णी वहिनींनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. तो त्याच सकाळी तिसऱ्या हाकेला आणि दुसऱ्या फटक्याला उठला होता!

*

आता माकडाचं.

गलताजीला माकडं फार. कुलकर्णी भाऊजींनी निघतानाच सगळ्यांना बजावलं होतं, "खाण्याची पिशवी मी धरणार. कोणीही उघडायची नाही." पिशवी छातीशी कवटाळून ते चालत होते. त्यामुळेच माकडांना कळलं असावं, की हिच्यात काहीतरी मोठं घबाड आहे.

एक दांडगं माकड आलं, पिशवी हिसकली आणि कठड्यावर जाऊन बसलं. उघडून बघतं तर आत खाणं नाहीच! पिशव्यांची अदलाबदल झाली होती. त्या पिशवीत मीनूचे वाटेत भिजलेले कपडे होते.

माकडाने एकेक वस्तू काढली, हुंगली, खाली टाकली. शेवटी गुलाबी फुलांची चड्डी निघाली. ती त्याने दोन्ही हातांनी ताणून पाहिली आणि डोक्यात घातली.

दर्शनाला आलेली सगळी माणसं थांबली. कोणीतरी विचारलं, "किसकी है भाई?" कुलकर्णी भाऊजी खाली उभे, हात वर करून "दे, दे" करताहेत; तेव्हा सगळ्यांनी काय ते समजून घेतलं.

वहिनी ओरडल्या, "आमची नाही हो! मेश्रामांची आहे!"

बाबांनी लगेच हात जोडून सगळ्यांना सांगितलं, "मेरी भी नहीं है."

*

बडी चौपडीवरचा किस्सा अनिकेतला आवडत नाही, कारण तो त्यात इंजिन असून रडला होता.

रस्ता ओलांडत होतो. चारी बाजूंनी रिक्षा, स्कूटरी, एक उंटगाडी. बरोबर मध्यावर मागून आवाज आला, "रुको!" लाल रुमाल वर. मीनूची एक चप्पल मागे राहिली होती.

गाडी जागच्या जागी थांबली. शिकवलंच तसं होतं! मी म्हणते चला, वहिनी म्हणतात चला, पोरं हलायला तयार नाहीत. हॉर्न वाजायला लागले. उंटाने तोंड खाली आणून अनिकेतचा वास घेतला. इंजिनाने भोकाड पसरलं.

वाहतूक पोलीस तणतणत आला. "ये क्या तमाशा है?"

"साहब, मैं कुछ नहीं कर सकता," बाबा म्हणाले. "गार्ड ने लाल दिखाया है."

"कौन गार्ड?"

बाबांनी मीनूकडे बोट दाखवलं. पोलिसाने तिला वरून खालपर्यंत पाहिलं. काय वाटलं कोण जाणे, त्याने सलाम ठोकला. "मैडम, हरी कब देंगी?"

"चप्पल आएगी तब."

त्याने उंटगाडी मागे घ्यायला लावली, स्वतः वाकून चप्पल शोधली, आणि तिच्या पायात घालून दिली. हिरवी मिळाली. गाडी सुटली. पलीकडे पोहोचल्यावर मी बाबांवर चिडले, "रस्त्यात तरी उचलून घ्यायचं ना तिला!"

"काऊन उचलू?" ते म्हणाले. "आज उचललं, की उद्या ती लाल-हिरवीला नुसता रुमाल समजेल."

*

एकदा आम्ही मोठी माणसं बागेत गप्पा मारत मागे राहिलो आणि गाडी पुढे गेली. अनिकेतला भूक लागली होती. वास आला तसं इंजिन वळलं.

पलीकडच्या लॉनवर कोणाचं तरी लग्न होतं. आम्ही धापा टाकत पोहोचलो तेव्हा चौघं ओळीने पंगतीत बसली होती आणि पार्थच्या पानात पाकातला दुसरा गोड घेवर पडत होता. कुलकर्णी भाऊजींना घाम फुटला. साफा बांधलेले एक गृहस्थ हसत पोरांना विचारत होते, "बच्चो, लड़के वालों की तरफ से हो या लड़की वालों की?"

सई चटकन म्हणाली, "हम रेल वाले हैं!"

ते गृहस्थ इतके हसले की साफा सावरावा लागला. "रेल वाले? तो इन्हें पहले जिमाओ भई, गाड़ी छूट जाएगी!" मग आम्हालाही हाताला धरून बसवलं. नको म्हणायची सोय नाही. राजस्थानात आग्रह पानाबरोबरच वाढतात. बाबा मजेत जेवले. भाऊजी मान खाली घालून जेवले. "इथे आपल्याला कोण ओळखतंय?" असं स्वतःलाच समजावत होते.

दुसऱ्या दिवशी बँकेत त्यांच्या केबिनचं दार उघडून एक कस्टमर आत आले. खुर्चीवर बसले, निरखून पाहिलं आणि म्हणाले, "मैनेजर साहब, कल आप रेल में थे ना?"

*

आता तो रविवार.

रामनिवास बागेत गेलो होतो. थंडीचे दिवस, छान ऊन. बाबांची संध्याकाळी ड्यूटी होती, म्हणून तीनला निघायचं ठरलं होतं. गाडी लागली. अनिकेतने शिट्टी दिली. मीनूने खिशात हात घातला आणि लाल काढला.

"काय झालं, गार्डसाहेब?" बाबांनी रीतसर विचारलं.

"खराबी आहे."

"कोणत्या डब्यात?"

"बाबा कोणत्याच डब्यात नाही."

खरंच होतं. ते नेहमी गाडीच्या कडेने चालायचे, आत कधी लागले नव्हते. "बरोबर आहे बाप्पा तुझं," म्हणाले आणि पार्थच्या मागे जाऊन उभे राहिले. सहा फुटांचा माणूस वाकून सहा वर्षांच्या पोराच्या स्वेटरचं टोक धरून उभा, आणि त्याच्या शर्टाचं टोक धरून मागे मीनू! बाकांवरची म्हातारी मंडळी टाळ्या वाजवायला लागली. भाऊजींनी घाईघाईने फोटो काढला. कॅमेऱ्यातला रोल संपलेला होता, हे नंतर कळलं.

अनिकेतने पुन्हा शिट्टी दिली. पुन्हा लाल.

"आता काय राह्यलं बे?"

"आता गाडी उभी."

"किती वेळ?"

"मी सांगीन तोपर्यंत."

मी म्हटलं, "मीनू, बाबांना ड्यूटीवर जायचंय ना?"

"म्हणून तर!"

वहिनी हसून हसून खाली बसल्या. बाबा वाकलेले तसेच. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पार्थ कंटाळून डब्यातून निघून शेंगा खायला गेला. बाबा मोकळ्या हवेत टोक धरल्यासारखा हात करून उभे. भाऊजी म्हणाले, "अहो मेश्राम, पाठ मोडेल!"

"मोडू द्या. नियम आपणच केला ना?"

शेवटी मीनूचं डोकं त्यांच्या पाठीवर टेकलं. उभ्या उभ्याच झोपली होती, लाल रुमाल मुठीत. बाबा हळूहळू वळले, तिला खांद्यावर घेतलं. हिरवा तिच्या दुसऱ्या खिशात होता, टोक बाहेर आलेलं. मी तो काढायला हात पुढे केला, तर मानेनेच नको म्हणाले.

"हे काही नियमात बसत नाही हां," चालता चालता म्हणाले. "हिरवी मिळाली नाही आन् गाडी काढली. उद्या आलो की घेतो तिच्याकडून."

घरी येऊन तिला गादीवर ठेवलं, डबा घेतला, बूट घातले आणि गेले.

ती घ्यायची राहिली.