चिंधीमास्तरने मांडलेलं घर

गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात सगळे त्याला चिंधीमास्तर म्हणत आणि त्या शहाण्याला वाटे, हा आपला गौरव चाललाय. आता काय बोलायचं! कापडाचे थर टेबलावर पसरायचे, वर खाकी कागदाचे साचे मांडायचे आणि कात्रण कमीत कमी पडेल असं कापायचं, हे त्याचं काम. बाहीच्या वळणात कॉलर, पाठीच्या कडेला खिसा, असे तो साचे एकमेकांना खेटून बसवायचा की टेबलाखालच्या पोत्यात मूठभर चिंध्यासुद्धा जमत नसत. हात चांगला होता, नाही म्हणायचं कारण नाही. डोकं मात्र त्या टेबलाएवढंच होतं.

सव्वा वर्षापूर्वी त्याला इथे हेड कटरची जागा मिळाली आणि नवरा-बायको जुनं गाव सोडून इकडे आले. पगार वाढला आणि माणूस आखडला. नव्या गावात भाडी चढी, हे खरं. चार खोल्या सोडून दीड खोलीत यावं लागलं, हेही खरं. पण दीड खोलीत राहणारी माणसं जगात काय थोडी आहेत? ती बिचारी गुपचूप राहतात. या गृहस्थाने मात्र त्याचा टेंभा मिरवायला घेतला. साबणाची वडी आणली की दोऱ्याने तिचे चार तुकडे. कप दोनच, कारण माणसं दोन. पाहुणा आला तर आधी त्याने प्यायचं, मग विसळून आपण. जेवणाच्या सुट्टीत शिलाईवाल्या बायकांसमोर याचं प्रवचन सुरू व्हायचं, "माणसाला लागतं किती हो? हात पसरले की संपलं! उरलेला सगळा पसारा." बायका माना डोलवायच्या आणि याची पाठ वळली की तोंडाला पदर लावून हसायच्या.

घर लावलं तेही कारखान्याच्याच पद्धतीने. टेपने दोन्ही खोल्या मोजल्या, खाकी कागदावर खडूने त्या आखल्या आणि एकेका सामानाचा लहानसा साचा कापला. पलंग, कपाट, टेबल, ट्रंक, बायकोचं शिलाई मशीन. तो कागद भिंतीवर लावून दोन रविवार महाराज त्यावर टाचण्या टोचत बसले होते. सगळ्यात आधी जागा मिळाली ती त्यांच्या आरामखुर्चीला, खिडकीपाशी. बायकोचा आरसा गेला, कुंड्या गेल्या, आईची खाट गेली, पण आरामखुर्ची म्हणे गरजेची वस्तू. दिवसभर उभ्याने कापणाऱ्या माणसाला टेकायला नको का?

कागदावर घर असं चपखल बसलं की एक बोट जागा वाया गेली नाही. मग सामान तसंच लावलं आणि कपाटाचं दार पलंगावर आपटलं. वीतभरसुद्धा उघडेना. कापडाच्या तुकड्यांना दारं नसतात ना, त्यामुळे कपाटाला ते असतं हे या पठ्ठ्याच्या ध्यानातच आलं नव्हतं! बायको फटीतून हात घालून एकेक कपडा ओढून काढायची. आठ दिवस तिने काढले आणि मग म्हणाली, "अहो, कपाट जरा तिकडे सरकवू या का?"

"सरकवलं की सगळी मांडणी मोडली. दोष कपाटात नाही, दारात आहे," मास्तर म्हणाला. त्याने बिजागऱ्या काढून दोन्ही दारं भंगारवाल्याला देऊन टाकली. कपाटाला दार असणं ही चैन आहे, असं त्या आठवड्याच्या प्रवचनात बायकांना ऐकायला मिळालं.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण यात एक जित्तं माणूस अडकलं होतं. त्याची आई. गाव सोडताना त्याने तिला ताईकडे, म्हणजे मोठ्या बहिणीकडे पोहोचवलं होतं. "दोन महिने फक्त. घर लागलं की न्यायला येतो." दोनाचे पंधरा झाले. ताईच्या घरात सासू-सासरे, नवरा, दोन मुलं. आईने स्वयंपाकघरात सगळ्यांचं आवरल्यावर अंथरूण घालायचं आणि सगळ्यांच्या आधी गुंडाळायचं. गुडघे दुखत होते, तरी तिची तक्रार नव्हती. फक्त दर रविवारच्या फोनवर ती एकदाच विचारायची, "जागा झाली का रे?"

"कुठली गं! वीतभर जागा नाही. बघतोय मी."

"बरं," म्हणायची आणि सुनेची चौकशी करायची. पंधरा महिने तो दर रविवारी असा म्हातारीच्या तोंडाला पानं पुसत राहिला. सुनेने दोन-तीनदा विषय काढून पाहिला. "आणून ठेवू कुठे? डोक्यावर?" असं म्हणून तो भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवायचा. कागद काय ब्रह्मदेवाने लिहून दिला होता का? पण ती बिचारी मूग गिळून गप्प बसायची.

खरी गोम वेगळीच होती आणि ती त्याला आतून ठाऊक होती. त्याला कापायला शिकवलं होतं आईनेच. नवरा लवकर गेला तेव्हा तिने लोकांचे कपडे शिवून दोन पोरं वाढवली आणि या पोराला जमिनीवर बसवून, वर्तमानपत्राचे साचे करून, कुठला तुकडा कसा फिरवायचा ते दाखवलं. कारखान्यात मात्र हा सांगायचा, "आम्हाला कोणी शिकवलं नाही, आपल्या हिमतीवर शिकलो." आई घरात आली असती तर तिने नुसतं बघितलं असतं आणि याचा फुगा फुटला असता. शिवाय दीड खोलीत मालक एकच असला की बरं वाटतं. हे त्याने कधी मनाशीसुद्धा मोकळेपणाने कबूल केलं नाही. जागा नाही, जागा नाही म्हणता म्हणता ते त्याला स्वतःलाच पटलं होतं.

मग एका रविवारी फोनऐवजी ताई आईला घेऊन दारात उभी राहिली. सांगितलं असतं तर याने काहीतरी निमित्त काढलं असतं, हे ती ओळखून होती. आईच्या हातात कपड्यांची पिशवी होती. ती तिने दारातच भिंतीला टेकवून ठेवली.

मास्तरच्या तोंडचं पाणीच पळालं. पण चेहरा हसरा ठेवून त्याने आईला आरामखुर्चीत बसवलं. सुनेने दोन कपांत चहा दिला आणि स्वतः पेल्यात घेतला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. ताई काही फिरवून बोलणारी नव्हती. "हे बघ, आईला राहायचंय इथे. तिची पिशवी मी परत न्यायला आणलेली नाही."

"अगं, मी का नको म्हणतोय! पण तूच बघ ना," असं म्हणत मास्तर उठला आणि कागदासमोर जाऊन उभा राहिला. परीक्षेत पहिल्या आलेल्या पोरासारखं तोंड करून तो एकेका साच्यावर बोट ठेवत गेला. "हा पलंग, हे कपाट, हे मशीन. सांग, कुठे आहे जागा? एवढीशी दाखव, मी आजच खाट आणतो."

आईने चष्मा लावला. खुर्चीतून गुडघे धरत उठली, कागदापाशी गेली आणि बराच वेळ नुसतं पाहत राहिली. मग म्हणाली, "कात्री दे."

सुनेने कात्री दिली. आईने जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा घेतला, पलंगाच्या साच्यावर धरून अंदाज घेतला आणि एका दमात एक अरुंद पट्टी कापली. "मला एवढी पुरते," म्हणाली. मग टाचण्या काढायला लागली. ट्रंक पलंगाखाली घातली. टेबल आडवं होतं ते उभं केलं. मशीन खिडकीकडे वळवलं, "हिला उजेड नको का शिवताना?" कपाट दुसऱ्या भिंतीला नेलं आणि मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात आपली पट्टी टोचली. पाच मिनिटंसुद्धा लागली नसतील. दोन्ही खोल्यांमध्ये चालायला सरळ वाट राहिली होती आणि कपाटासमोर दार उघडण्याइतकी मोकळी जागा.

"बघ," आई म्हणाली. "तुझी खुर्चीसुद्धा राहिली."

आता एक शब्द पुरे होता. राहा, एवढाच. ताई त्याच्या तोंडाकडे बघत होती, बायको बघत होती. आणि हा हेड कटर, हा हिमतीवर शिकलेला कलाकार, कागदाकडे डोळे बारीक करून पाहत काय म्हणाला असेल? "तसं बसतंय गं, पण... कागदावर बसणं वेगळं. हवा खेळायला नको का?"

शरम नावाची गोष्ट असते की नाही? पंधरा महिने एक बोट जागा सोडायची नाही म्हणून कपाटाची दारं भंगारात घालणाऱ्याला आईच्या खाटेपाशी हवा आठवली!

ताई भडकून काही बोलणार होती, पण आईने तिचा हात दाबला. "राहू दे," म्हणाली. उरलेला चहा उभ्यानेच प्यायली, कप विसळून पालथा घातला आणि दारातली पिशवी उचलली. सून रडवेली होऊन म्हणाली, "आई, नका ना जाऊ. मी लावते सगळं." आईने तिच्या गालावरून हात फिरवला आणि दोघी मायलेकी जिना उतरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मास्तर कामावर गेल्यावर बायकोने शेजारणीला हाक मारली आणि दोघींनी मिळून सगळं सामान हलवलं. मशीन, टेबल, कपाट, जसं सासूने मांडलं होतं तसं. संध्याकाळी मास्तर दार उघडून आत आला आणि थबकला. घर मोठं झाल्यासारखं दिसत होतं. कोपऱ्यात फरशी लख्ख पुसलेली, रिकामी. तो बूट न काढता तिथे जाऊन उभा राहिला. दोन्ही हात पसरले. कशालाही लागले नाहीत.

"फोन करा," बायको म्हणाली. विनवणीचा सूर नव्हता, ऑर्डर होती.

त्याने केला. ताईने उचलला आणि आईकडे दिला. "आई," मास्तर म्हणाला, आणि या वेळी त्याला तिला खरंच आणायचं होतं, हे खोटं नव्हतं. "आई, जागा झाली गं. मी उद्या येतो न्यायला."

"कोणी लावलं रे सामान? सुनेनं?"

"हो."

"गुणाची आहे पोर. तिला मशीनवर काम कर म्हणावं आता, उजेड आलाय." मग आई म्हणाली, "तू नको येऊस."

"असं काय करतेस! अगं, तूच नाही का दाखवलीस जागा? तिथे ताईकडे तुझे हाल होतात. स्वयंपाकघरात झोपतेस तू!"

"हो ना. इथं खरंच जागा नाही रे," आई म्हणाली. "तरी तिनं ठेवून घेतलंय मला."