काठाबाहेर आलेली माती

तिवशाचे त्र्यंबक पंतोजी मुलांना माती हातानं शिकवत. त्यांनी वाटीत काळी माती ठासायला लावली, वर पाणी ओतवलं. माती फुगून काठाबाहेर आली.

"बाप्पा! जित्ती हाय हे!" एक पोरगं ओरडलं.

कापसानं गबर झालेले सूर्यभान पाटील हसले. "काहून खेळून राहिले, पंतोजी? शाळेले पक्की इमारत देल्ली ना मी!"

"पाया काळ्या मातीखालच्या कठीण मुरमापर्यंत नेला नाहीत, पाटील. माती फुगली की भिंती हलतील. मुलं तिथे बसणार नाहीत."

"मंग तुमचा शिधा बंद."

पंतोजींनी इमारतीसमोरच्या देवळात शाळा भरवली. पाटलांनी इमारतीत कापूस भरला. श्रावणात पावसाची झडी लागली. एका सकाळी पाटील कापूस पाहायला आत गेले, पाऊस आत येऊ नये म्हणून दार ओढून घेतलं, आणि थोड्या वेळानं देवळात त्यांची हाक ऐकू आली.

"पंतोजी! दार उघडून नाही राहिलं! भिंत कुरकुरून राहिली!"