भावांत न मोजलेला भाऊ

काचेच्या नळीतलं निळं औषध उकळता उकळता विटकरी झालं, तसा शंकर गुळव्या स्टुलावरून उठला. "झालं. थोरल्यामागं आता माजा नंबर," म्हणाला.

महायुद्धाचे दिवस. देवळाली प्रवरा इथं मी नुकताच दवाखाना टाकला होता. शुगर तपासायची माझी लॅबोरेटरी म्हणजे स्पिरिटचा दिवा आणि ती नळी. निळ्या औषधात लघवीचे थोडे थेंब टाकून उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, विटकरी झालं तर भरपूर. शंकर चाळिशीचा. काहिलीतला गूळ नेमका कधी उतरवायचा, हे ठरवणारा गुऱ्हाळावरचा मुख्य माणूस. सारखी तहान, अंग उतरलेलं, आणि लघवी केली की मोरीत मुंग्या.

"घरात कोणाला होता हा आजार?"

"बापाला. गुऱ्हाळावरच छातीत कळ आली अन् गेला. थोरला भाऊ वाळत वाळत गेला. दोघंबी पन्नाशीच्या आत."

"आणखी भाऊ?"

"न्हाई. आमी दोघंच."

मी केसपेपरवर फॅमिली हिस्टरी लिहिली आणि कॉलेजात शिकलेलं जसंच्या तसं त्याच्या तोंडावर फेकलं. "हे तुमच्या रक्तातच आहे." मग पथ्य सांगितलं. रस, काकवी, गूळ बंद, रोज चालायचं. इन्सुलिन तेव्हा नगरलाही मिळायची मारामार, पण याचं पथ्यावर भागेल असा माझा अंदाज होता. फक्त पहिल्या वाक्यानंतरचं त्यानं काही ऐकलंच नव्हतं.

पंधरवड्यानं त्याची बायको गिरजाबाई आली. एकटीच, आणि भडकलेली.

"डाक्टरसाहेब, काय सांगून ठेवलंत वो? कारभारी म्हनत्यात, रक्तातच हाय तर पथ्य कशापायी? वाटी वाटी काकवी खात्यात. मरायच्या आत पोरीचं लगीन उरकतो म्हनत्यात. तिला अजून धा सरली न्हाईत!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजारानं मरायला त्याला वर्षं लागली असती. माझ्या एका वाक्यानं तो आजच मरायला बसला होता.

"घेऊन या त्यांना."

"माजं ऐकत न्हाईत. पर मोठं भाऊजी आलेत पाथर्डीकडनं. त्यांचं ऐकतील."

"भाऊजी? ते तर वारले ना?"

"ते मधलं. ह्ये सगळ्यांत थोरलं. ल्हानपनी लांबच्या नात्यात दत्तक दिल्यालं."

दुसऱ्या दिवशी दोघं भाऊ हजर. थोरले भिवाजी पंचावन्नच्या पुढचे, काटक, खांद्यावर घोंगडी. पाथर्डीहून येताना राहुरीपासून पायी आलेले. मी शंकरवरच उखडलो.

"भाऊ नाही म्हणालात!"

"दत्तक गेल्याला मानूस ह्या घरात मोजत न्हाईत, साहेब."

"अहो, दत्तकानं नाव बदलतं, रक्त नाही बदलत!"

भिवाजींची लघवी तपासायला घेतली. सगळे नळीकडे डोळे लावून. निळं राहिलं नाही. फिकट हिरवं झालं. गिरजाबाईचा चेहरा पडला. मी मात्र टेबलावर थाप मारली.

"हे फार बरं झालं! निळं राहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, हा नशिबानं सुटला. बापाचं देणं यांनाही आलंय. तरी गडी कसा आहे बघा! भिवाजी, खाता काय?"

"काय खानार? बाजरीची भाकर, हुलग्याचं माडगं. मेंढरांमागं दिवसभर चालनं. गूळ सणासुदीला."

"बी एकच आहे, शंकरराव. तुमच्या घरात त्याला रोज काकवीचं पाणी मिळतं."

शंकरनं वाकून ती हिरवी नळी जवळून पाहिली. मग म्हणाला, "मंजी काकवी सोडली तर जाईल?"

"जाईल असं म्हणत नाही. आवरेल."

"अन् चाखल्याबिगर गूळ कसा कळायचा?"

"पाकाची गोळी पाण्यात टाकून बोटानं बघता ना? मग जिभेला कशाला मध्ये घेता?"

तो पहिल्यांदा हसला. तेवढ्यात भिवाजी गरजले, "आन् पोरीचं लगीन मला न इचारता ठरवतोस व्हय रं? दत्तक गेलोय, मेलो न्हाई!"

लग्न तिथंच मोडलं. गिरजाबाई पदरात तोंड घालून रडली. माझेही डोळे भरले, ते मी स्पिरिटच्या धुरावर ढकललं.

काकवी सुटायला हंगाम गेला. चोरून खाल्ली की नळी चहाडी करायची. पण विटकरीचं पिवळं झालं, आणि दिवाळीच्या सुमारास हिरवं. गिरजाबाईनं लेकरांच्या ताटातलीही काकवी कमी केली. पोरगी पुढं मराठी सातवी पास झाली.

तेव्हापासून मी पेशंटला 'भाऊ किती' विचारत नाही. 'तुमच्या आईला मुलं किती झाली, दिलेली धरून सांगा,' असं विचारतो. उत्तर देताना माणसं बोटं मोजतात आणि बऱ्याचदा एखादं बोट वाढतं.

पन्नाशी ओलांडल्यावर शंकर एकदा तणतणत दवाखान्यात आला. गुडघे दुखतात, तुमचं चालणं नडलं म्हणाला. मी त्याला भरपूर बोलू दिलं. त्या घरात राहून गुडघे दुखेपर्यंत जगलेला तो पहिलाच पुरुष होता.