रसखात्याचा हिरवा

सहादेवची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्याच्या हातात बॉयलरच्या भट्टीत चिपाडं ढोसायची भलीमोठी सळई होती आणि तिचं टोक माझ्या दोन बरगड्यांच्या नेमकं मधोमध रोखलेलं होतं. "कोन हाय रं माझ्या दारात?" तो असा गरजला की गोदावरीपलीकडची कुत्री उठून बसली असतील. कोपरगावजवळच्या साखर कारखान्यात मी नवाच कारकून लागलो होतो आणि शेजारधर्म म्हणून त्याच्या बायकोकडे, रतनबाईंकडे, चमचाभर विरजण मागत होतो. त्या विरजणापायी माझा मुडदाच पडायचा.

रतनबाई दिसायला चारचौघींसारख्या. पण अख्खा तालुका आपल्या बायकोवर डोळा ठेवून आहे, अशी सहादेवची खात्री. दूधवाल्यानं माप घालताना तोंड रस्त्याकडे करायचं, पोस्टमननं पत्र कुंपणावर ठेवून पळायचं. एरवी माणूस सोन्यासारखा. माझ्या तापात त्यानंच मला पाठीवर टाकून दवाखान्यात नेलं, वाटेत मात्र दोनदा विचारलं, "भाऊसाहेब, लगीन कधी करताय?"

आमच्या कॉलनीची एक रीत होती. उन्हाळ्यात कारखाना बंद असताना पाइप रंगवत. वाफेचे लाल, रसाचे हिरवे, पाण्याचे निळे. ज्याच्या खात्यात जो रंग उरेल तो त्याच्या घरी जाई आणि झोपायच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटाला लागे. कपाट पाहिलं की नवरा कुठल्या खात्यात ते कळे. बॉयलरवरच्या सहादेवचं कपाट अर्थातच लालभडक.

१९७१ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी दुरुस्तीच्या पाळीवरून घरी गेलेल्या सहादेवची आरोळी ऐकू आली, "भाऊसाहेब, आत या!"

त्यानं परपुरुषाला घरात बोलावलं, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे. आत गेलो. कपाट हिरवंगार.

"रसखात्याचा रंग! माझ्या झोपायच्या खोलीत! त्यो समोरचा आसाराम आल्ता न्हवं?"

"अवो, म्या लावलाय," रतनबाई म्हणाल्या. "आसारामच्या छबूनं डबा दिला."

"बाईच्या हातानं आसा सारखा रंग बसतो व्हय?"

इतका वेळ शांत असलेल्या रतनबाई आता भडकल्या. "भिती सारवून सारवून माझी बोटं झिजली, आन् सारखा बसत न्हाई म्हनं! बघा, भाऊसाहेब, कुटं रंगाचा एक ओघळ तरी दिसतो का?"

ओघळ खरंच नव्हता. पण मी काही बोलायच्या आत दारात आसाराम उभा राहिला. हातात पाना.

"सहादेव, भाईर ये. माझ्या कपाटाला वाफेचा लाल कुनी फासला?"

आसारामच्या मागून त्याची बायको छबूबाई आली. कोपरापर्यंत लाल.

"आमी डबे बदलले," ती म्हणाली. "हिरव्याचा कट्टाळा आल्ता. ह्यांच्या अंगाला रसाचा वास, कपाट बी रसाचंच!"

"आन् मला लाल बघून भट्टीत निजल्यावानी वाटायचं," रतनबाई म्हणाल्या. "म्या न्हाई बदलायची आता."

"मंग मी न्हाई झोपायचा त्या खोलीत," सहादेव म्हणाला. आसारामनंही तेच सांगितलं. दोघे तीन दिवस माझ्या पडवीत झोपले, एकमेकांवर नजर ठेवून, घोरायचेसुद्धा पाळीपाळीनं. चौथ्या दिवशी माझा जीव मेटाकुटीला आला आणि मीच तोड काढली: दोन्ही डबे एका बादलीत ओता, दोन्ही कपाटं एकाच रंगाची करा. ओतले. कारखान्यामागं मळी साचते तसा रंग निघाला. बायका पुढं बरेच दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. सहादेवला त्याचंच समाधान.

पाळीला न जाता दोघं बादली ढवळत बसल्यामुळे गोष्ट ऑफिसात पोचली. उरलेला रंग घरी न्यायला बंदी आली. पुढच्या उन्हाळ्यात कारखान्यानं सगळी कपाटं कंत्राटदाराकडून रंगवून घेतली. राखाडी.